एक केबल, दोन नेटवर्क: घरच्या स्विचवर व्हीलॅन टॅगिंग कसे करावे

सुदामा नगर घ्या की लोकमान्य नगर, इंदूरमधल्या कितीतरी घरांचा प्लॉट १५ बाय ५० किंवा २० बाय ५० फुटांचा. घर अरुंद आणि लांब. फायबर रस्त्यावरच्या खांबावरून येते, म्हणून ओएनटी, म्हणजे फायबर जिथे संपते तो कंपनीचा डबा, पुढच्या खोलीत दाराच्या वर बसते. राउटर मात्र मधल्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर जिन्यापाशी हवा असतो, कारण पुढच्या खोलीतून सोडलेले वायफाय दोन भिंती आणि एक स्लॅब ओलांडून मागे पोचेपर्यंत उरत नाही. आणि भिंतीतल्या पाइपातून बहुधा एकच नेटवर्क केबल गेलेली असते. त्या एका केबलवरून ओएनटीचे इंटरनेट वर राउटरकडे न्यायचे, आणि राउटरमधून निघालेले घरचे नेटवर्क त्याच केबलवरून खाली टीव्हीकडे आणायचे, हे काम व्हीलॅन टॅगिंग करते. व्हीलॅन म्हणजे एकाच केबलवर वेगळे ठेवलेले आभासी नेटवर्क.

आधी एक गोष्ट तपासा. पाइपात जागा असेल आणि स्टीलचा स्प्रिंग आरपार जात असेल, तर दुसरी केबल ओढून घ्या आणि हा लेख इथेच सोडा. दोन केबल असताना व्हीलॅनची गरज नाही. जुन्या घरात पाइप अर्ध्या इंचाचा असतो, वळणावर सिमेंट गेलेले असते, आणि आहे ती केबल ओढताना तुटायची भीती असते. अशा घरासाठी पुढचे सगळे.

एक चूक मात्र कोणी करू नये: ओएनटी, राउटरचा वॅन पोर्ट (इंटरनेट आत येते तो) आणि राउटरचा लॅन पोर्ट (घराकडे जातो तो) हे तिन्ही एकाच साध्या स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्क केबल एकत्र जोडणाऱ्या डब्यात, खुपसणे. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने लागणारी जोडणी) असेल तर यावर इंटरनेट चालूही होते, म्हणूनच हा उपाय धोकादायक आहे. घरातली प्रत्येक वस्तू थेट कंपनीच्या नेटवर्कवर उघडी पडते, आणि तुमचा राउटर बाहेरच्यांनाही आयपी पत्ते वाटू लागतो. कंपनीच्या यंत्रणेला हे दिसले की लाइन बंद होऊ शकते.

टॅग म्हणजे काय

केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्याला फ्रेम म्हणतात. १९९८ साली आलेल्या ८०२.१क्यू या मानकाने त्या फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग घालायची पद्धत ठरवली. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी आहेत, म्हणून वापरता येणारे क्रमांक १ ते ४०९४. सर्वांत मोठी साधी फ्रेम १५१८ बाइटची असते, टॅग लागला की १५२२ ची होते.

स्विचच्या प्रत्येक पोर्टला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, आणि ती दोन वेगवेगळ्या पानांवर भरायची असतात. पहिला प्रश्न बाहेर जाणाऱ्या फ्रेमचा: या पोर्टातून या व्हीलॅनची फ्रेम निघताना टॅगसकट निघेल, टॅग काढून निघेल, की निघणारच नाही? टॅग्ड, अनटॅग्ड आणि नॉट मेंबर हे तीन पर्याय त्यासाठी. दुसरा प्रश्न आत येणाऱ्या फ्रेमचा: बिनटॅगची फ्रेम आली तर ती कोणत्या व्हीलॅनची समजायची? त्याचे उत्तर म्हणजे पीव्हीआयडी.

नवख्या माणसाचे नेटवर्क अडते ते बहुतेक वेळा इथेच. तो पोर्टला व्हीलॅन १० मध्ये अनटॅग्ड करतो आणि समजतो झाले. पण पीव्हीआयडी अजून १ च असतो. मग राउटरकडून निघालेली फ्रेम स्विचमध्ये शिरताच व्हीलॅन १ मध्ये जाते आणि ओएनटीपर्यंत पोचतच नाही. स्क्रीनवर सगळे बरोबर दिसते, दिवे लुकलुकतात, इंटरनेट येत नाही.

राउटर, टीव्ही, लॅपटॉप या वस्तूंना टॅग कळत नाही असे धरून चाला. त्यांचे पोर्ट अनटॅग्ड, आणि प्रत्येकाचा पीव्हीआयडी त्याच व्हीलॅनचा. दोन स्विचना जोडणाऱ्या केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट टॅग्ड. या केबलला ट्रंक म्हणतात.

काय विकत घ्यायचे

दोन स्मार्ट स्विच, केबलच्या दोन टोकांना एकेक. सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर मागताना मॉडेलचे शेवटचे अक्षर नीट वाचा. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ हा साधा स्विच, टीएल-एसजी१०८ई हा व्हीलॅनवाला. दोन्ही डबे सारखेच दिसतात, फरक त्या ‘ई’चा. नेटगिअरचा जीएस३०८ई आणि डी-लिंकचा डीजीएस-११००-०८ हेही चालतात. पुढची मेनूची नावे टीएल-एसजी१०८ईची आहेत, बाकीच्यांत शब्द थोडे वेगळे, तत्त्व तेच. टीपी-लिंकचा अगदी जुना, पहिल्या-दुसऱ्या आवृत्तीचा नग वापरलेला मिळत असेल तर टाळा: त्यात पोर्ट व्हीलॅन १ मधून बाहेर काढता येत नाहीत. आवृत्ती खालच्या लेबलवर छापलेली असते.

केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरी निघाली, तर ती घेऊ नका. पन्नास फुटी घरात एक मजला चढून, वळणे धरून साधारण २५ मीटर केबल लागते. मर्यादा १०० मीटरची आहे, म्हणून लांबीची काळजी नाही. विजेच्या तारा असलेल्या पाइपातून मात्र ती नेऊ नका.

कंपनीकडून काय माहिती घ्यायची

ओएनटी ब्रिज मोडवर हवी, म्हणजे ती स्वतः डायल न करता इंटरनेट तसेच पुढे राउटरकडे सोडेल. इथे फायबर जोडायला येणाऱ्या मुलाशी बोलणे हिंदीतच होते, म्हणून प्रश्न तसेच देतो: “ब्रिज मोड करना है। वीलैन नंबर क्या है? और ओएनटी के पोर्ट पर टैग के साथ आएगा या बिना टैग?” शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि सगळ्यांत महत्त्वाचा तोच. सोबत पीपीपीओईचे यूजरनेम आणि पासवर्ड मागून घ्या. शेजाऱ्याचा व्हीलॅन क्रमांक आपल्याला चालेलच असे नाही, क्रमांक कंपनीप्रमाणे आणि भागाप्रमाणे बदलतो.

ओएनटीच्या आत काही बदलण्याआधी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. तिथे एकापेक्षा जास्त वॅन जोडण्या दिसतील: इंटरनेटची एक, लँडलाइनची एक, कंपनीच्या दूरनियंत्रणाची एक. फक्त इंटरनेटची जोडणी ब्रिज करायची आणि ती ओएनटीच्या लॅन १ पोर्टला बांधायची. बाकी दोन्हींना हात लावू नका, नाहीतर फोन बंद पडेल. ब्रिज झाल्यावर ओएनटीच्या स्वतःच्या वायफायवर इंटरनेट राहत नाही, हे घरात आधी सांगून ठेवा. ते वायफाय बंदच करा म्हणजे फोन चुकून त्याला चिकटणार नाहीत.

मग स्विच मध्ये न घालता लॅपटॉप थेट ओएनटीच्या लॅन १ ला जोडा आणि विंडोजमधून पीपीपीओई डायल करा. लागले, तर ब्रिज बरोबर आहे आणि टॅग ओएनटीच काढते आहे. त्रुटी ६५१ आली तर पलीकडून उत्तरच येत नाही: ब्रिज झालेला नाही, किंवा टॅग बाहेर येतो आहे. ६९१ आली तर आनंदाची गोष्ट, कारण समोरच्या यंत्राने उत्तर दिले आहे आणि चूक फक्त यूजरनेम-पासवर्डची आहे. ओएनटीवर लॉसचा लाल दिवा असेल तर फायबरच तुटलेले किंवा निखळलेले आहे, तिथे व्हीलॅन काही करू शकत नाही.

आता कागद आणि पेन

स्विच उघडण्याआधी पोर्टचा तक्ता कागदावर लिहा. हे टाळू नका. इथे व्हीलॅन १० म्हणजे बाहेरचे इंटरनेट, २० म्हणजे घर, आणि १ फक्त स्विचची देखभाल करण्यासाठी.

खालचा स्विच, ओएनटीपाशी:
पोर्ट १, ओएनटी: १० अनटॅग्ड, पीव्हीआयडी १०
पोर्ट २ ते ६, टीव्ही वगैरे: २० अनटॅग्ड, पीव्हीआयडी २०
पोर्ट ७, देखभाल: १ अनटॅग्ड, पीव्हीआयडी १
पोर्ट ८, ट्रंक: १० टॅग्ड, २० टॅग्ड, १ अनटॅग्ड, पीव्हीआयडी १

वरच्या स्विचचा तक्ता असाच. तिथे पोर्ट १ मध्ये राउटरचा वॅन पोर्ट आणि पोर्ट २ मध्ये राउटरचा एखादा लॅन पोर्ट जातो.

ट्रंकवर व्हीलॅन १ अनटॅग्ड ठेवण्याचे कारण असे की कोणत्याही स्विचच्या पोर्ट ७ ला लॅपटॉप लावला की दोन्ही स्विच उघडता येतात. आणि पोर्ट १ व्हीलॅन १ मध्ये असता कामा नये. राहिला तर स्विचचे लॉगिन पान कंपनीच्या बाजूने दिसू शकते.

स्विचमध्ये भरणे

दोन्ही स्विच मुळात १९२.१६८.०.१ याच पत्त्यावर असतात, आणि बऱ्याच राउटरचा पत्ताही हाच. म्हणून एका वेळी एकच स्विच, बाकी कशालाही न जोडता. लॅपटॉप पोर्ट ७ मध्येच लावा, दुसऱ्या पोर्टात लावाल तर मध्येच स्वतःला बाहेर कोंडाल. लॅपटॉपचे वायफाय बंद करा, त्याला हाताने १९२.१६८.०.१० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. जुन्या नगांत यूजरनेम आणि पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’, नव्यांत पहिल्याच वेळी पासवर्ड ठरवायला सांगतात.

पायरी १. सिस्टिममधल्या आयपी सेटिंगमध्ये डीएचसीपी (आपोआप पत्ता घेणे) बंद करा. खालच्या स्विचला १९२.१६८.०.२ द्या, वरच्याला १९२.१६८.०.३. अप्लाय केल्यावर पान अडकेल, नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा. पासवर्ड बदला.

पायरी २. व्हीलॅनच्या मेनूत एमटीयू व्हीलॅन, पोर्ट बेस्ड व्हीलॅन आणि ८०२.१क्यू व्हीलॅन असे तीन प्रकार दिसतील. आपल्याला तिसरा हवा. तो एनेबल करून अप्लाय करा. पहिल्या दोघांचा टॅगशी संबंध नाही.

पायरी ३. व्हीलॅन आयडीत १० भरा, नाव द्या. पोर्ट १ अनटॅग्ड, पोर्ट ८ टॅग्ड, बाकी नॉट मेंबर. ॲडचे बटण दाबा. मग २० भरा: पोर्ट २ ते ६ अनटॅग्ड, ८ टॅग्ड, बाकी नॉट मेंबर.

पायरी ४. ८०२.१क्यू पीव्हीआयडी सेटिंगचे पान उघडा. पोर्ट १ ला १०, पोर्ट २ ते ६ ला २०, ७ आणि ८ ला १. कागदाशी ताडून पाहा.

पायरी ५. आता, आणि आताच, व्हीलॅन १ उघडून त्यातून पोर्ट १ ते ६ नॉट मेंबर करा. आधी पीव्हीआयडी, मग काढणे, हा क्रम उलटला तर स्विच नकार देतो.

पायरी ६. सेव्ह कॉन्फिग. हे वेगळे बटण आहे. अप्लायने बदल लागू होतो, पण साठवला जात नाही. पावसाच्या तोंडावर पहिले वादळ येते, वीज जाते, आणि वीज परतल्यावर स्विच कोराच्या कोरा. मग सगळे पोर्ट पुन्हा व्हीलॅन १ मध्ये, म्हणजे ओएनटी आणि घर एकत्र. सेव्ह केल्यावर स्विचची पिन काढून परत लावा आणि तक्ता टिकला का ते स्वतः बघा. दोन्ही स्विच आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर असतील तर उत्तम, पण ती सेव्हची जागा घेऊ शकत नाही.

दुसऱ्या स्विचवर हेच सगळे, फक्त पत्ता वेगळा. कुठे अडलात तर मागचे रीसेटचे बारीक भोक पिनेने दहा सेकंद दाबा आणि पहिल्यापासून सुरुवात करा.

ओएनटी लावण्याआधीची चाचणी

राउटरचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१ करून घ्या, म्हणजे स्विचच्या पत्त्यांशी भांडण होणार नाही. लॅपटॉपला हाताने दिलेला पत्ता काढून पुन्हा आपोआप पत्ता घ्यायला लावा. भिंतीतली केबल दोन्हीकडे पोर्ट ८ मध्ये, राउटरचा लॅन वरच्या स्विचच्या पोर्ट २ मध्ये. लॅपटॉप खालच्या स्विचच्या पोर्ट ३ ला लावा. १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळाला पाहिजे. मिळाला तर व्हीलॅन २० केबलवरून खाली आले.

मग तोच लॅपटॉप खालच्या पोर्ट १ ला लावा. इथे राउटरकडून पत्ता मिळता कामा नये. मिळाला तर दोन्ही नेटवर्क कुठेतरी मिसळली आहेत. असे असताना ओएनटी जोडू नका, पीव्हीआयडीचे पान दोन्ही स्विचवर पुन्हा पाहा.

आता ओएनटीचा लॅन १ खालच्या पोर्ट १ ला, राउटरचा वॅन वरच्या पोर्ट १ ला. राउटरमध्ये वॅनचा प्रकार पीपीपीओई, एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणारा डेटा, बाइटमध्ये) १४९२, कारण पीपीपीओई स्वतःचे ८ बाइट घेते. १५०० ठेवलात तर काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात. लगेच नाही लागले तर पाच-दहा मिनिटे थांबा: लॅपटॉपवरून केलेले आधीचे सेशन कंपनीच्या यंत्रावर अजून जिवंत असू शकते.

ओएनटीतून टॅग बाहेर येत असेल तर

समजा कंपनीचा क्रमांक १०० आहे आणि ओएनटी तो काढत नाही. तेव्हा तक्त्यातल्या १० च्या जागी सगळीकडे १०० लिहा. खालच्या स्विचच्या पोर्ट १ वर १०० अनटॅग्डऐवजी टॅग्ड होईल, ट्रंकवर दोन्हीकडे टॅग्डच राहील, आणि वरच्या पोर्ट १ वर तो अनटॅग्ड, पीव्हीआयडी १००. टॅग वरचा स्विच काढून देतो, राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

काही राउटरमध्येही व्हीलॅन किंवा आयपीटीव्ही नावाच्या पानावर हा क्रमांक भरता येतो. दोन्हीकडे भरू नका. राउटर टॅग लावून पाठवतो, ती फ्रेम स्विच घेतो आणि कंपनीपर्यंत पोचवतोही. पण उत्तर परत येताना स्विच टॅग काढतो, आणि टॅगची वाट पाहणारा राउटर ते उत्तर टाकून देतो. राउटरच्या नोंदींत पीएडीआय (पीपीपीओईची पहिली हाक) पुन्हा पुन्हा जाताना दिसते, पीएडीओ (तिला कंपनीचे उत्तर) कधीच येत नाही. पीएडीओ न येणे म्हणजे व्हीलॅन किंवा ब्रिजची चूक, असे समजून शोध घ्या. पीएडीओ आले आणि पुढे ओळख पटली नाही, तर स्विचला हात लावू नका.

अडचणी ज्या लवकर कळत नाहीत

वेग ९४-९५ एमबीपीएसवर अडकला तर दोष व्हीलॅनचा नाही. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात. एखादी जोडी तुटली तरी दुवा १०० वर उतरू शकतो, आणि पोर्ट सेटिंगच्या पानावर ते दिसते. दोन्ही टोकांचे कनेक्टर टी५६८बी या रंगक्रमाने पुन्हा बसवून घ्या. केबलवर दोन नेटवर्क आहेत म्हणून वेग अर्धा होईल, ही भीती अनाठायी. गिगाबिट दुवा दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे पूर्ण वेगाने चालतो, ३०० एमबीपीएसच्या प्लॅनला तो भरपूर आहे.

मॅक पत्त्याचा (प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क पोर्टचा स्वतःचा क्रमांक) घोळ फार छळतो. कंपनीने लाइन तुमच्या लॅपटॉपच्या मॅकशी बांधलेली असते, म्हणून लोक तोच मॅक राउटरच्या वॅनवर क्लोन करतात, म्हणजे त्याची नक्कल भरतात. मग तोच लॅपटॉप घरच्या नेटवर्कवर त्याच स्विचला लागतो. काही स्वस्त स्विच सगळ्या व्हीलॅनची मिळून एकच मॅक-यादी ठेवतात. त्यांना एकच पत्ता दोन पोर्टवर दिसतो आणि इंटरनेट दर थोड्या वेळाने तुटते. कंपनीला फोन करून राउटरचा मूळ मॅक नोंदवून घ्या, क्लोन काढून टाका.

पोर्ट ७ कधीही पोर्ट २ ते ६ पैकी कशालाही पॅच केबलने जोडू नका. दोन्ही स्विचवर कोणी असे केले तर व्हीलॅन १ आणि २० मिळून वर्तुळ तयार होते, सगळे दिवे एकदम झपाझप लुकलुकतात आणि घरभर नेटवर्क गोठते. पोर्ट ७ वर मार्करने खूण करा किंवा त्यात रबरी बूच घाला.

ट्रंकच्या मध्ये तिसरा साधा स्विच घुसवू नका. बहुतेक साधे स्विच टॅग असलेली फ्रेम तशीच पुढे सोडतात, पण सगळेच सोडतील याची हमी नसते, आणि दोष शोधताना हा तिसरा डबा शेवटपर्यंत लक्षात येत नाही.

केबल घराबाहेरून, भिंतीच्या कडेने वर नेलेली असेल तर दोन गोष्टी पाहा. साध्या केबलचे आवरण उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते, म्हणून बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची केबल किंवा बंद पाइप वापरा. आणि जून-जुलैत जवळपास वीज पडली की तांब्याच्या लांब तारेत झटका शिरतो आणि दोन्हीकडचे पोर्ट ८ जळतात. वादळ दिसले की केबल दोन्ही टोकांना काढून ठेवा. पोर्ट ८ जळालाच तर पोर्ट ६ ला ट्रंक करता येते: १० आणि २० टॅग्ड, १ अनटॅग्ड, पीव्हीआयडी १, दोन्ही स्विचवर, आणि मग सेव्ह कॉन्फिग.